मागींचा चहा

सुवार्ता दुशिंगचं पत्र येऊन आता चार वर्षं होतील. ती लातूरला असते. नर्स होती, निवृत्त झाली, आणि आता तिथल्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. तिनं लिहिलं होतं:

'सर, मुलं बातम्या बघतात आणि मला विचारतात, मोठे देश असे का वागतात. मग मी त्यांना तुमचा अमेरिका-रशियाचा धडा सांगते. त्यांना फार आवडतो. पण दर वेळी मी एका ठिकाणी अडते. त्या संध्याकाळी तुम्ही अंधारातून आम्हाला "विचारा" म्हणालात. ते सहज म्हणालात की मुद्दाम?'

प्रश्न एका ओळीचा, उत्तर एका शब्दाचं. तरी मला जमलं नाही. पहिल्यांदा कागद घेतला तेव्हा प्रस्तावनाच दीड पान झाली. दुसऱ्यांदा 'एका अर्थी' असे शब्द आले, आणि ते आले की पुढं माझं काही खरं नसतं. नंतर एकदा पेनातली शाई संपली आणि मला बरंच वाटलं. पत्र मी शब्दकोशात ठेवून दिलं.

गोष्ट चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षीची, म्हणजे १९६९ची. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि बेथेलवाडीच्या हायस्कुलात ग्रंथपाल होतो. बेथेलवाडी म्हणजे नगर-मनमाड रस्त्याला लागून असलेली ख्रिस्ती लोकांची लहानशी वस्ती. एक चर्च, एक शाळा, एक गल्ली आणि गल्लीच्या दोन्ही अंगांना कौलारू घरं. ग्रंथपालाचं काम मला मानवलं होतं, कारण पुस्तकं उलटून बोलत नाहीत. माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड उजागरे, यांनी रविवारच्या शाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे दिला तेव्हा मी तो नाकारायलाच गेलो होतो. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

मग एक नवल झालं. मुलं माझं ऐकू लागली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी अडखळत बोलायचो, मध्येच थांबून पुस्तकात बघायचो, आणि ती वीसेक तोंडं पुढचा शब्द कधी येतो म्हणून वाट बघत बसायची. माझ्यासाठी कुणी वाट बघतंय, हा अनुभव मला नवा होता. सोमवार ते शनिवार मी त्या एका तासाच्या आशेवर काढायचो. तो वर्ग जर कुणी काढून घेतला असता तर मला वाटतं मी पुन्हा कपाटात जाऊन बसलो असतो, पुस्तकांच्या रांगेत.

नोव्हेंबरच्या शेवटी वरून, म्हणजे मिशनच्या कचेरीतून, छापील धडे आले. त्यातला एक होता 'दोन महासत्ता'. धड्यात दोनच परिच्छेद. पहिल्यात लिहिलं होतं की महायुद्धानंतर जगात दोन बलाढ्य देश उरले, एक देवाला मानतो आणि दुसरा मानत नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की शिक्षकांनी जवळपासचं उदाहरण देऊन विषय स्पष्ट करावा. खाली प्रार्थना.

मी धडा वाचून दाखवला. पहिल्या बाकावर सुवार्ता आणि रोदा चक्रनारायण बसायच्या. दोघी अकरा वर्षांच्या, एकमेकींच्या जिवाभावाच्या. एकीला खोकला झाला तर दुसरी खोकायची.

"सर, मग देव अमेरिकेच्या बाजूचा?" रोदानं विचारलं.

"अं... तसं धड्यात स्पष्ट नाही."

"असणारच," रोदा म्हणाली. "आपल्याला दुधाची पावडर कोण पाठवतं?"

"आमचे आजोबा म्हणतात, रशियाचा माणूस आधी वर गेला," सुवार्ता म्हणाली. "आणि तुझ्या वहीला कव्हर कुणाचंय बघ."

रोदानं वही उलटी केली. कव्हरावर ट्रॅक्टरवर बसलेली एक हसरी बाई होती. रशियाचं गुळगुळीत कागदाचं एक मासिक तेव्हा फार स्वस्तात मिळायचं, आणि वाचून व्हायच्या आत त्याची कव्हरं व्हायची. माझ्या वर्गात प्रत्येक पोटात अमेरिकेचं दूध होतं आणि प्रत्येक वहीवर रशियाचा ट्रॅक्टर.

"सर, बॉम्ब दोघांकडं पण आहेत?" हा तीत रणभिसे. तो खरा धाकट्यांच्या वर्गातला, पण तिथून हाकलला गेल्यामुळे माझ्याकडे होता.

"आहेत."

"किती?"

"सगळी पृथ्वी दहा वेळा नष्ट होईल इतके."

तीतनं विचार केला. "एकदा झाल्यावर मग बाकीच्या नऊ वेळा काय करणार?"

मुलं हसली. रोदा हसली नाही. "सर, आपण कुणाच्या बाजूला गेलो म्हणजे वाचू?"

तिनं ते अशा आवाजात विचारलं की मला पुस्तकात बघायचं सुचलं नाही. काहीतरी सांगायलाच हवं होतं. उदाहरण द्या, असं धड्यात म्हटलं होतं.

"समजा," मी म्हणालो, "दोन शेजारी आहेत. समोरासमोर राहतात. नाताळ आला की एक जण दारात बांबूवर तारा लावतो. दुसऱ्याला वाटतं, आपला त्याच्याहून उंच पाहिजे. तो लांब बांबू आणतो. मग पहिला बांबूला बांबू जोडतो. मग दुसरा..."

माझ्या डोळ्यांसमोर खरोखर रॉकेटं होती. पण वर्ग एकदम शांत झाला, आणि सगळी तोंडं पहिल्या बाकाकडे वळली. तेव्हा कुठं मला कळलं की मी काय बोलून बसलो.

रोदाचे आजोबा शमुवेलराव चक्रनारायण म्हणजे दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. त्यांना सगळी वाडी कंपाउंडरसाहेब म्हणायची. अमेरिकन मिशनरींच्या हाताखाली त्यांची हयात गेली होती, आणि चंद्रावर माणूस उतरला त्या दिवशी त्यांनी स्वतः उतरल्यासारखे पेढे वाटले होते. त्यांच्या बरोबर समोर सुवार्ताचे आजोबा बर्नबा दुशिंग राहायचे. साखर कारखान्यात युनियनचे पुढारी होते. येशू सुतार होता, म्हणजे कामगार होता, म्हणजे तो आज असता तर आमच्या युनियनमध्ये असता, असा त्यांचा हिशेब. कंपाउंडरसाहेब त्यांना कॉम्रेड म्हणायचे, शिवी दिल्यासारखं. दोघंही चर्चच्या वडील मंडळात, म्हणजे कारभाऱ्यांत, होते.

आणि दोघांच्या मध्ये तारा होता. बेथेलवाडीत चाल अशी की नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीन मुलं मागी होतात, म्हणजे पूर्वेकडून ताऱ्याच्या मागं आलेले ते तीन ज्ञानी. दाढ्या लावून, डफ-ढोलकीच्या घोळक्यासह ती गल्लीतून निघतात आणि ज्या घराचा तारा सर्वांत उंच त्याच्या दारात थांबतात. त्या घरी मागींचा पहिला चहा होतो. मग त्या घरचा कर्ता कंदील घेऊन सगळ्यांना चर्चमध्ये नेतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रीतिभोजनाची, म्हणजे सगळ्या वाडीच्या जेवणाची, चूल त्याच्याच अंगणात पेटते. एवढ्यासाठी ती दोन घरं वर्षानुवर्षं बांबू शोधत होती.

त्या रविवारी दुपारीच कंपाउंडरसाहेब माझ्या खोलीवर आले. मी माफीची वाक्यं जुळवत उभा राहिलो.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही मला अमेरिका म्हणालात असं रोदा सांगत होती."

"तसं मी... नाव असं कुणाचं..."

"योग्यच म्हणालात. माझी तक्रार वेगळी आहे. त्या कॉम्रेडला तुम्ही महासत्ता कशाच्या आधारावर म्हणालात? त्याच्या ताऱ्याला धड झिरमिळ्या नाहीत."

ते गेले आणि मी बसतो न बसतो तोच दुशिंगकाका आले.

"मास्तर, तुमी शिकलेला मानूस. म्हणून इचारतो. रशिया मी, हे ठीक. पन कंपाउंडर अमेरिका? त्यो गोळ्या बांधायचा हो पुड्यांत."

"काका, मी नुसतं उदाहरण..."

"उदाहरन चांगलंच हाय. फक्त पुढच्या रविवारी सांगा पोरांना, औंदा रशियाचा तारा वर जानार."

तो वर गेलाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुशिंगांच्या दारात दुप्पट उंचीचा बांबू उभा राहिला. कंपाउंडरसाहेबांनी बांबूला बांबू तारेनं बांधून त्याच्यावर मात केली. दुशिंगांनी तिसरा जोडला आणि चारी बाजूंनी दोरखंडानं ताण दिले. एका दोरखंडाला अडकून चर्चची घंटा वाजवणारे सेक्स्टन पडले. दोन्ही ताऱ्यांत शंभराचे दिवे होते. ते एकदम लागले की गल्लीतले बाकीचे दिवे लाल व्हायचे.

वर्गातही फाळणी झाली. मी काही सांगितलं नव्हतं, पण डावीकडे अमेरिका बसू लागली आणि उजवीकडे रशिया. पहिल्या बाकावर रोदा एका टोकाला, सुवार्ता दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये तीत.

"तू कुठला रे?" मी तीतला विचारलं.

"मी भारत. मी कुणाच्याच बाजूचा नाही."

"बरं."

"म्हणून मला रोदा पण पेपरमिंट देते आणि सुवार्ता पण."

मी शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी बोललो. मुलांनी नीट ऐकलं. तीतनं विचारलं, शेजारी म्हणजे किती लांबपर्यंत. मी म्हटलं, अगदी समोरचा सुद्धा. रोदा खिडकीतून बाहेर बघू लागली. तिला खोकला झाला होता. सुवार्ता तिच्या खोकल्याबरोबर हलली, पण खोकली नाही.

नाताळ जवळ आला तसे पाळकसाहेब ग्रंथालयात आले. एरवी ते तिथं येत नसत. त्यांनी एक पुस्तक काढलं, उघडलं, परत ठेवलं.

"मास्तर, कंपाउंडरसाहेबांनी प्रीतिभोजनासाठी बोकड आणलाय. दुशिंगांनीही आणलाय. दोघं म्हणतात, चूल आमच्या अंगणात. दुसऱ्याकडे पेटली तर आम्ही जेवायला येणार नाही. अर्धी वाडी इकडे, अर्धी तिकडे. सत्तर वर्षांत बेथेलवाडीत दोन चुली झाल्या नाहीत."

"हो साहेब."

"मागी तुम्ही बसवता. ते कुठं थांबतील?"

"उंच ताऱ्याखाली."

"उंच कुठला?"

"दिवसागणिक बदलतो."

पाळकसाहेबांनी तेच पुस्तक पुन्हा काढलं आणि पुन्हा ठेवलं. ते मनानं चांगले होते, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं. "हे सगळं तुमच्या वर्गातून निघालं असं वडील मंडळात बोललं जातंय. हे निस्तरलं तर ठीक. नाहीतर जानेवारीपासून वर्ग ग्रेसबाईंकडे द्यावा लागेल. मला वाईट वाटेल."

ग्रेसबाई मुलांना हात मागं बांधून बसवायच्या. मी काहीच बोललो नाही. पाळकसाहेबांना वाटलं असेल, मी मान्य केलं.

मागी कोण होणार ते सप्टेंबरातच ठरलेलं असायचं. त्या वर्षी सुवार्ता, रोदा आणि तीत. आता बदलायचं म्हणजे आणखी एक युद्ध. तालमीत दोघी एकमेकींकडे न बघता आपापली वाक्यं म्हणायच्या. हेरोद राजाची भूमिका मात्र रिकामीच होती, दर वर्षीप्रमाणे. शुभवर्तमानात मागी आधी हेरोदाच्या राजवाड्यात जाऊन बाळ येशूचा पत्ता विचारतात, आणि मग तो दुष्ट राजा बाळाच्या जिवावर उठतो आणि गावातली सगळी तान्ही मुलं मारवतो. बेथेलवाडीत ते काम कुणी घ्यायला तयार नसे. एकदा एकानं घेतलं तर त्याचं लग्न मोडलं होतं. त्यामुळे तेवढा भाग पाळकसाहेब चर्चमध्ये नुसता वाचून दाखवायचे.

चोवीस तारखेला दिवेलागणीला आम्ही चर्चच्या फाटकातून निघालो. पुढं तीन मागी, मागं डफ-ढोलकी आणि त्यांच्या मागं सगळी वाडी. मी बाजूला, कुंपणाच्या कडेनं, नेहमीप्रमाणे अंधारात. दोन्ही घरांच्या ओसऱ्यांवर किटल्या तयार होत्या. कंपाउंडरसाहेबांनी कोट घातला होता. दुशिंगकाकांनी स्वच्छ धोतर आणि युनियनचा बिल्ला. दोघांनीही कंदील पेटवून ठेवलेले.

दोन घरांच्या मध्ये मागी थांबले. ढोलकी थांबली.

आता सुवार्ताचं वाक्य होतं, 'पाहा, तो तारा.' तिनं मान वर केली आणि काही बोललीच नाही. रोदानंही मान वर केली. मग तीतनं, दाढी धरून.

गल्लीवर दोन्ही अंगांनी कडुलिंबाची जुनी झाडं होती. तारे त्यांच्याही वर गेले होते. खालून दिसत होता तो नुसता काळा पाला.

"तुमचा दिसतो का?" सुवार्तानं हळूच विचारलं. तीन आठवड्यांत रोदाशी तिचं हे पहिलं बोलणं.

"नाही. तुमचा?"

"नाही."

मागं लोक कुजबुजू लागले. दोन्ही ओसऱ्यांवरून हातवारे सुरू झाले, या, या, इकडे. सुवार्ता एक पाऊल उजवीकडे सरकली, रोदा एक पाऊल डावीकडे, आणि दोघींनी तीतच्या झग्याचं एकेक टोक धरलं. तीतच्या हातात बाळाला भेट द्यायचा उदाचा डबा होता. त्यानं वळून अंधारात मला शोधलं.

"सर, तारा नाही. आता?"

"विचारा," मी म्हणालो.

एवढंच. आवाज माझाच होता, पण नेहमीपेक्षा जरा मोठा आला.

मुलांना ती गोष्ट तोंडपाठ होती. तारा दिसेना तेव्हा मागींनी काय केलं, हे मी त्यांच्याकडून कितीदा म्हणून घेतलं होतं. रोदा आपल्या दाराकडे वळली, कारण ते जवळ होतं आणि तिला थंडी वाजत होती. बाकीची दोघं तिच्या मागं गेली. कंपाउंडरसाहेब किटली उचलून पायरी उतरले. त्यांचा चेहरा असा खुलला होता की बघवत नव्हता.

"या, या. तारा इथं थांबला ना?"

"नाही आजोबा," रोदा म्हणाली. "तारा दिसत नाही. आम्ही विचारायला आलोय."

मग सुवार्तानं घसा साफ केला आणि तालमीतलं वाक्य मोठ्यानं म्हटलं, "महाराज, आम्ही फार दुरून आलो आहोत. नवा राजा कुठं जन्मला ते आम्हाला सांगाल का?"

मग ढोलकीवाला यहोशवा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटला, "म्हणजे औंदा हेरोद कंपाउंडरसाहेब."

लोक आधी तोंड दाबून हसले आणि नंतर न दाबता. कंपाउंडरसाहेबांनी किटली पायरीवर ठेवली.

"मी कशाला हेरोद? मी... अरे, समोर विचारा. राजवाडा समोर आहे."

मागी वळले. दुशिंगकाका आपल्या ओसरीवरून दोन पावलं मागं सरले.

"आमच्याकडं नका येऊ. आमच्याकडं राजे नसत्यात. आमी राजे हटवले."

"हटवले म्हणून तर तुमच्याकडे यायचं," कंपाउंडरसाहेब ओरडले. "लहान मुलं मारणारा तुमच्याच पार्टीचा."

"हेरोदाच्या मागं रोमचं सरकार होतं. साम्राज्यवाली पार्टी तुमची."

"आजोबा," सुवार्ता म्हणाली, "आम्ही मग कुणाला विचारायचं?"

"मला थंडी वाजतेय," तीत म्हणाला, "आणि उदबत्ती ओली झाली." डब्यात ऊद नव्हता, उदबत्ती होती.

"तारा नाही म्हणजे काय?" दुशिंगकाका तरातरा खाली आले. "हा काय वर... " त्यांनी मान वर केली. "दिवा लागलाय नव्हं?"

"लागलाय की," घरातून त्यांची सून म्हणाली.

"माझा दिसेल," कंपाउंडरसाहेब म्हणाले, आणि तेही मान वर करून गल्लीच्या मधोमध आले. "जरा मागं सरकलं की दिसेल."

ते मागं सरकले. दुशिंगकाकाही सरकले. दोघंही आभाळाकडे तोंड करून, हात कपाळावर, उलट्या पावलांनी चालू लागले. मध्येच एकमेकांना धडकले.

"बघून चाला की, कंपाउंडर."

"तुम्ही बघा. तुमचा दिसला का?"

"फांदी हाय मधी."

"मला पण फांदीच."

सगळी वाडी त्यांच्या मागं. मागी, ढोलकी, दोन्हीकडच्या किटल्या घेतलेल्या सुना. शेवटची कडुलिंबाची फांदी संपली तेव्हा आम्ही सगळे मोठ्या रस्त्यावर उभे होतो. तिथून ते दिसले. झाडांच्या शेंड्यांवर, काळोखात, दोन तारे. दोन्ही बांबू वजनानं वाकून एकमेकांकडे कलले होते. कुठला उंच, हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

तेवढ्यात मनमाडच्या बाजूनं एक ट्रक आला आणि कचकन ब्रेक लावून आमच्याजवळ थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. त्यानं दाढीवाल्या तीन मुलांकडे पाहिलं, मग झाडांवर पाहिलं.

"भाऊ, पंप कुठंय?"

"कसला पंप?" कंपाउंडरसाहेबांनी विचारलं.

"डिझेलचा. लई लांबनं दोन दिवे दिसत होते. म्हटलं, पंप आला."

आधी कोण हसलं याबद्दल पुढं दोन्ही घरांत वाद होता. मी पाहिलं त्याप्रमाणे दुशिंगकाका. ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि पोट धरून हसले. कंपाउंडरसाहेब काही वेळ ताठ उभे राहिले. मग त्यांचा कोट हलू लागला.

"कॉम्रेड," ते म्हणाले, "चंद्रावर जायला निघालो आणि पंप टाकून बसलो."

"भागीदारीत," दुशिंगकाका म्हणाले.

ड्रायव्हर अजून वाट बघत होता. तीत त्याच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "काका, तुम्ही कुठून आलात?"

"नागपूरवरनं."

"म्हणजे पूर्वेकडून," तीत आम्हाला म्हणाला.

त्या वर्षीचा मागींचा पहिला चहा त्या ड्रायव्हरला मिळाला. दोन्ही किटल्यांतला अर्धा अर्धा. फार गोड झाला होता, असं तो म्हणाला. रोदा आणि सुवार्ता रस्त्याच्या कडेला एकाच शालीत उभ्या होत्या, आणि एक खोकली की दुसरी खोकत होती. चर्चमध्ये कंदील घेऊन कोण गेलं, तर दोघंही गेले, आणि दारात आधी कोण शिरणार यावर थोडा वेळ अडले. प्रीतिभोजनाची चूल दोन अंगणांच्या मध्ये, गल्लीत पेटली. मीठ कुणी जास्त टाकलं यावर तिथंही भांडण झालं, पण सगळे जेवले.

हेरोद हे नाव मात्र कंपाउंडरसाहेबांना चिकटलं. मुलं त्यांच्या दारावरून जाताना मुजरा करू लागली. जानेवारीत वडील मंडळाची बैठक झाली तेव्हा त्यांनी तो विषय काढला. मला बोलावलं होतं. मी दाराजवळ उभा होतो.

"गोड झालं, ठीक आहे," कंपाउंडरसाहेब म्हणाले. "पण मुलांना विचारायला कुणी सांगितलं? मास्तरांनी. माझ्या दारात मला हेरोद करायचं, हे मुद्दाम असेल तर अशा माणसाच्या हाती मुलं देऊ नयेत असं माझं मत आहे."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

"मास्तर?" दुशिंगकाका म्हणाले. "ह्या मास्तरला मुद्दाम काय करता येतंय व्हय? पानी मागायला लाजतो तो."

सगळे हसले. कंपाउंडरसाहेबही हसले. "तेही खरंच," ते म्हणाले.

वर्ग माझ्याकडे राहिला. मी मान खाली घालून बाहेर आलो. बाहेर सुवार्ता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, तारा दिसत नाही तेव्हा जशी वर बघत होती तशी. मी एक कप उचलला आणि चालू लागलो.

त्यानंतर तो वर्ग माझे केस पांढरे होईपर्यंत माझ्याकडे होता. दोघा आजोबांना मूठमाती देऊनही आता कितीतरी वर्षं झाली. त्यांच्या कबरी एका रांगेत आहेत, आणि उंची सारखी आहे, कारण ते आता पंचायत ठरवते.

गेल्या महिन्यात बेथेलवाडीच्या रविवारच्या शाळेचा मोठा वर्धापनदिन झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं. नवे पाळक तरुण आहेत, चांगले बोलतात. त्यांनी मागींच्या चहाची गोष्ट सांगितली. लोक खूप हसले. शेवटी ते म्हणाले, "आणि हे सगळं घडलं ते आपल्या मास्तरांच्या भोळेपणामुळे. बिचाऱ्यांना कल्पनाही नव्हती की आपण कुणाला हेरोद करतोय. देव साध्या माणसांचा असा उपयोग करून घेतो." टाळ्या झाल्या. मला शाल दिली.

मी घरी आलो, शाल घडी करून ठेवली आणि शब्दकोश काढला.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. पाकीट घेणार होतो, पण मग पोस्टकार्डच मागितलं. ते कुणालाही वाचता येतं. खिडकीजवळच्या उतरत्या फळीवर उभा राहून लिहिलं:

'प्रिय सुवार्ता, मुद्दाम. आदल्या दुपारी मी गल्लीत लिंबाखाली उभा राहून पाहून ठेवलं होतं, तारे दिसत नव्हते. कुणाच्या दारात आधी जाल ते मात्र माहीत नव्हतं. कुठल्याही गेला असता तरी चाललं असतं. तुझ्या मुलांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. तुझा, मास्तर.'

तिकिटं विकणाऱ्या मुलीनं शिक्का मारायला कार्ड मागितलं. वाचू नये म्हणून तिनं प्रयत्न केला, पण अक्षर माझं मोठं आहे.

"आजोबा, मुद्दाम काय केलंत?"

"आहे एक जुनं," मी म्हणालो. "शिक्का नको. मी पेटीत टाकतो."

पेटी बाहेर भिंतीवर आहे. मी पत्ता पुन्हा वाचला, पिनकोड बरोबर आहे ना पाहिलं, 'मुद्दाम' शब्दावर एकदा बोट फिरवलं. शाई वाळली होती. टाकलं.